‘बिनव्याजी’ उचल किती टक्क्यांना पडते? हापूस बागायतदारासाठी हिशेब

हापूसच्या बागेत खर्च आधी आणि पैसा नंतर. जुलै-ऑगस्टात कल्टार (मोहर लवकर यावा म्हणून झाडाला द्यायचं संजीवक) आणि खतं, मोहर आल्यावर फवारण्या, मग राखण. पेटी बाजारात जाते मार्च ते मे. मधल्या महिन्यांची ही दरी भरणं हेच पतपुरवठ्याचं काम.

दलालाच्या उचलीवर कागदोपत्री व्याज नसतं, पण माल त्याच्याच गाळ्यावर घालायची अट असते. कर्ज आणि खरेदी एकाच हातात आली की व्याज भावात लपतं. ते असं शोधा: समजा सप्टेंबरात १ लाख उचल घेतली आणि ३०० पेट्या दिल्या. प्रत्येक पट्टीच्या (दलालाने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या) तारखेचा, त्याच प्रतीचा दुसऱ्या गाळ्यावरचा भाव वहीत लिहून ठेवा. पेटीमागे १०० रुपये कमी मिळाले असतील, तर ३०,००० गेले. आठ महिन्यांत ३० टक्के, म्हणजे वर्षाला ४५. उचल मार्चपासूनच फिटत जाते, त्यामुळे खरा दर याहूनही चढाच.

किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज आहे, वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्केच. तेच १ लाख आठ महिन्यांसाठी सुमारे २,६६७ रुपयांत पडतं. पहिल्या वर्षाची मर्यादा अशी काढतात: जिल्ह्याचा हेक्टरी कर्जदर (व्याजदर नव्हे, त्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं ती ठरलेली रक्कम) गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्चाचे १० टक्के, अवजारं-दुरुस्तीचे २० टक्के आणि विम्याचा हप्ता. व्याज काढलेल्या रकमेवरच लागतं, म्हणून सगळे पैसे एकदम उचलू नका.

कोकणात गाडं अडतं ते सातबाऱ्यावर. आजोबांच्या वेळची सामाईक नावं, निम्मे खातेदार मुंबईत. बँक सगळ्यांची संमती मागते. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हाच संमतीपत्रावर सह्या घ्या. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी. कायमचा उपाय म्हणजे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, पण त्याला वेळ लागतो, तेव्हा वाद नसतानाच अर्ज करा. ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरच्या ऑनलाइन पीकनोंदीत) आंबा लागलाय का, तेही बघा.

फेडीची तारीख चुकली की ३ टक्क्यांची सवलत जाते. पट्टीचे पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या तोडणीच्या पट्ट्या थेट कर्जखात्यात भरा. तरीही थोडी उचल घ्यावीच लागली, तर कागदावर पेट्यांचा आकडा लिहून घ्या. ‘सगळी बाग’ असं कधीही लिहून देऊ नका.