गाडी भाड्याने घेताना डिपॉझिटचं कार्ड

युरोपात गाडी बुक करताना भाडं आधीच भरलेलं असलं, तरी काउंटरवर डिपॉझिटसाठी कार्ड मागतात. ते बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच लागतं, आणि तेही मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं. गाडी नवरा चालवणार आणि कार्ड बायकोचं, तर तिथे अडलंच! डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं) बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. घेतलंच तर महागडा विमा गळ्यात मारतात. डिपॉझिटची रक्कम कापत नाहीत, नुसती अडकवतात, पण तेवढी लिमिट कमी होते आणि गाडी परत दिल्यावरही सुटायला काही दिवस जातात. त्यामुळे हॉटेलसाठी दुसरं कार्ड ठेवा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार सुरू केलेत ना, बघा. पिनही पाठ हवा.