ईसीएम बदलायला बसताय? आधी इंजेक्टरवरचे नंबर लिहून घ्या

पाने, ड्रायव्हर, मल्टीमीटर, स्कॅनर जवळ घ्या हे सांगत बसत नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याने हे काम अंगावर घेऊच नये. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, आणि इंजेक्टर म्हणजे त्याच्या हुकमावर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट. कॉमन रेल डिझेल गाडी (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून दाबाने डिझेल देणारी) असेल तर बॉनेट उघडल्या उघडल्या पहिलं काम एकच, चारही इंजेक्टरच्या डोक्यावरचे नंबर उतरवून घेणं. बाकीचं नंतर. हे मी खाली पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलात तरी वाचा, कारण मी इथेच तोंडघशी पडलोय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते उतरल्यावर आमच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली. त्यात एका गुरुजींची डिझेल गाडी होती. ईसीएम डॅशबोर्डखाली, पायाकडे. झाकण उघडलं तर आतून चहाच्या रंगाचं पाणी गळलं. नवीन मागवला, बसवला, किल्ली रजिस्टर केली. स्कॅनरने इंजेक्टर कोड मागितले आणि मी सरळ ‘पुढे’ दाबलं. बाहेर अजून पाच गाड्या उभ्या होत्या ना! गाडी चालू झाली, मी पैसे घेतले. चौथ्या दिवशी गुरुजी दारात. ‘अहो, पुराआधी शिलाई मशीनसारखी चालायची. आता ट्रॅक्टरसारखी वाजते, आणि कुंभार्ली घाटात मागच्या एसटीवाल्याला माझ्या धुरातून रस्ता दिसेना.’

कारण साधं आहे. दोन इंजेक्टर कधीच सारखे नसतात. तेवढ्याच वेळासाठी उघडले तरी एक किंचित जास्त डिझेल टाकतो, एक किंचित कमी. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि तो फरक कोडच्या रूपात त्याच्याच डोक्यावर छापतात. बॉशचा साधारण ७ अक्षरांचा असतो, डेल्फीचा १६ किंवा २० चा. ईसीएम तो कोड बघून प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती ते ठरवतो. नवा ईसीएम कोरा असतो. त्याला कोणी सांगितलं नाही तर तो सगळ्यांना एकच माप लावतो, आणि मग टकटक, मिसिंग, काळा धूर.

जुना ईसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर स्कॅनरवरून कोड वाचा, पडद्याचा फोटो काढा. पण तेवढ्यावर विसंबू नका. मधे कोणीतरी एखादा इंजेक्टर बदलून कोड न टाकताच गाडी दिलेली असते, म्हणून इंजेक्टरवरचा नंबर डोळ्यांनी बघायचाच. आणि ईसीएम पाण्याने मेला असेल तर तो कोड दुसरीकडे कुठे शोधणार?

वाचायचा कसा तेही सांगतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश घ्यायचा. पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको, अक्षरं घासून जातात. गुरुजींच्या गाडीत लेबलांवर पुराचा गाळ सिमेंटसारखा बसला होता, एकेका इंजेक्टरला दहा-दहा मिनिटं गेली. टॉर्च बाजूला तिरपी धरली की कोरलेली अक्षरं उठून दिसतात, समोरून मारली तर नुसती चमक. प्रत्येकाचा वेगळा फोटो आणि चौघांचा मिळून एक. मग एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आठ आणि बी, पाच आणि एस यांत हमखास घोळ होतो.

त्यापुढचं माझं दुसरं शहाणपण. कोड बरोबर उतरवले, पण उलट्या क्रमाने टाकले. टायमिंगच्या बाजूचा सिलिंडर १ नंबर धरायची आपल्याला सवय असते. सगळ्या इंजिनांत तसं नसतं. डस्टर, व्हेरिटो यांच्यातल्या रेनोच्या १.५ लिटर डिझेलमध्ये १ नंबर फ्लायव्हीलकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने मोजतात. मॅन्युअल उघडा, बघा, आणि कागदावर कोडशेजारी सिलिंडरचा नंबर लिहा. कोड कोणत्या सिलिंडरचा ते माहीत नसेल तर तो कागद चुलीत घाला.

आता मूळ प्रश्न, ईसीएम खरंच गेलाय का? स्कॅनर बोलत नाही म्हणजे ईसीएम मेला, हा निष्कर्ष सगळ्यात महाग पडतो. आधी फ्यूज, मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच), अर्थिंग. अर्थिंग नुसतं मल्टीमीटरची बीप वाजवून बघू नका. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि ईसीएमची अर्थ पिन यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. दोन दशांश व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंग साफ करा. मग सेन्सरचा ५ व्होल्ट सप्लाय. तो शून्य दिसला तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा, कारण एक सेन्सर शॉर्ट झाला की तो सगळी लाइन खाली ओढतो आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. आमच्याकडे एकदा नुसता एसीचा प्रेशर सेन्सर निघाला होता. गिऱ्हाईक नव्या ईसीएमचे पैसे खिशात घालून आलं होतं. स्कॅनरच्या १६ पिनांच्या सॉकेटवर ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरीचा प्लस. बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर कॅनच्या लाइनचं, म्हणजे गाडीतले कंप्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांचं, एक टोक कुठेतरी तुटलंय.

खरंच गेला असेल तर का गेला ते शोधल्याशिवाय नवीन लावू नका. पाणी असेल तर कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, आणि वायर दोन-चार इंच सोलून बघा, कारण पाणी तांब्याच्या तारांमधून आतल्या आत सरकतं. पाणी नसेल तर इंजेक्टर मोजा. बॉशच्या सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल साधारण ०.३ ओहमची असते. मल्टीमीटरच्या वायरींचाच तेवढा रेझिस्टन्स असतो, म्हणून आधी दोन टोकं जोडून येईल तो आकडा वजा करा. कॉइल आणि बॉडी यांच्यात काहीच दिसता कामा नये. शॉर्ट इंजेक्टर तसाच ठेवलात तर नवा ईसीएमही पहिल्या सेल्फला जाऊ शकतो. तर तुम्ही इंजेक्टरपाशी आलाच आहात, नंबर लिहिले का?

पार्ट नंबर. ईसीएमचा डबा सारखा दिसतो म्हणून चालतो असं नाही. हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळवा. बीएस ४ आणि बीएस ६ (धुराच्या नियमांचे टप्पे) यांचे ईसीएम मिसळू नका. भंगारातला जुना स्वस्त मिळतो, पण तो दुसऱ्या गाडीच्या चॅसिस नंबरला आणि किल्लीला बांधलेला असतो. त्याचा डेटा काढून आपला टाकणारा माणूस आधी पक्का करा, मग पैसे मोजा. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा. तो गाडीवरून घ्या, गिऱ्हाइकाच्या तोंडून नको.

किल्ल्या सगळ्या मागवा. बऱ्याच गाड्यांत किल्ली रजिस्टर करताना जी समोर नसेल ती बाद होते. ‘दुसरी मुलाकडे पुण्याला आहे’ म्हणाले तर काम पुढे ढकला. किल्ली रजिस्टर करायला गाडीचा गुप्त पिन कोड लागणार असेल तर तोही आदल्या दिवशी हातात हवा.

करंट. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवा ईसीएम तिथेच दगड होतो. बॅटरी पूर्ण चार्ज, वर स्थिर सप्लाय देणारं मशीन. गॅरेजमधला साधा चार्जर नको, त्याचा करंट खडबडीत असतो. ब्लोअर, हेडलाइट बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि सप्लायचं मशीन इन्व्हर्टरवर.

काढताना किल्ली बंद करून दहा मिनिटं थांबा, मगच मायनस काढा. मेन रिले लगेच बंद होत नाही. कपलरची खिटी ओढून काढा, पक्कड लावू नका. पिनांना बोट नाही, आधी बॉडीला हात लावून अंगातला करंट घालवा.

बसवल्यावर चॅसिस नंबर, किल्ली, मग इंजेक्टर कोड. ‘पुढे’ दाबू नका! कोड टाकल्यावर परत वाचून कागदाशी ताडा, चारही, नंबराप्रमाणे. बीएस ६ असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) जुन्या ईसीएममधली माहिती नव्यात टाका, नाहीतर तो फिल्टर कोरा समजतो. थ्रॉटल आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) स्कॅनरवरून नव्या ईसीएमला शिकवा. फॉल्ट कोड क्लिअर. गाडी गरम होईपर्यंत चालवा, चढावर न्या, परत स्कॅन. एवढंच.

आणि इंजेक्टरच्या नंबरांचा कागद फेकू नका. आरसीच्या झेरॉक्सला टाचून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. गुरुजींच्या गाडीत तो अजून आहे, माझ्याच अक्षरातला, उलटा क्रम खोडून खाली सुलटा लिहिलेला.