देवघरातल्या पोथीतून पूर्वज शोधताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक पोथी उघडण्याआधीच होते. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की वर्षभरात कधीतरी देवघर आवरायला काढतात. रुमालात बांधलेल्या पोथ्या आता कुणी वाचत नाही, पानांचा भुगा होतोय, म्हणून त्या निर्माल्याबरोबर नदीत सोडतात. भाव चांगलाच असतो. पण शेवटच्या कोऱ्या पानावर, पोथीच्या लाकडी फळीला आतून चिकटवलेल्या कागदावर, कधी नुसत्या समासात, तीन-चार पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले असू शकतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. माझ्या आजोळची एक पोथी अशीच गेली. म्हणून कळकळीने सांगते, विसर्जनाचा विचार मनात आला तरी आधी एकेक पान उलटून बघा.

पोथी सापडली की लगेच दुरुस्तीला लागू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. सुटी पानं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. शाई पुसट असेल तर सकाळी खिडकीशी पान धरून तिरप्या उजेडात फोटो घ्या. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं बऱ्याचदा त्यात उमटतात.

आता वाचनाकडे. लिहिणाऱ्याने ही नोंद कशासाठी केली, हे न विचारताच आपण वाचायला बसतो. त्याला वंशावळ लिहायची नव्हती. त्याला श्राद्धाची तिथी हवी होती, पत्रिकेसाठी जन्मवेळ हवी होती. म्हणून मृत्यूच्या नोंदीत तिथी असते आणि साल नसतं, कारण श्राद्धाला साल लागत नाही. तान्ह्या वयात गेलेल्या मुलांचं वार्षिक श्राद्ध होत नाही, म्हणून त्यांची नावंच नसतात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली की या पोथीतून तिचा माग संपतो. तो सासरच्या पोथीत शोधावा लागतो. नाव नाही म्हणजे माणूस नव्हतं, असं कधीही धरू नका.

पितृपक्षाच्या यादीत तर माझीच फसगत झाली. आमच्या पोथीत पणजी आणि तिची सासू, दोघींपुढे ‘नवमी’ लिहिलंय. दोघी एकाच दिवशी, बहुतेक एखाद्या साथीत गेल्या असणार, असं मी वर्षभर धरून चालले होते. मग एका वृद्ध गुरुजींनी यादी पाहिली आणि म्हणाले, “अहो ताई, ही अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीलाच करतात, ती गेली कुठल्याही तिथीला असो.” म्हणजे त्या एका शब्दाने मृत्यूची तारीख सांगितलीच नव्हती. सांगितलं होतं ते एवढंच, की दोघी नवऱ्याच्या आधी गेल्या. पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाचं कोडं मला तिथे सुटलं. असंच चतुर्दशीचं. शस्त्राने किंवा अपघातात गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी होतं. नावापुढे सर्वपित्री अमावास्या लिहिली असेल तर खरी तिथी घरच्यांनाही ठाऊक नव्हती, अशी शक्यता धरा.

जन्माच्या नोंदीत गडबड होते ती वाराची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. ‘शनिवार, इष्ट घटी ५२ पळे १०’ अशी नोंद घ्या. घटी म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. सूर्योदयापासून २० तास ५२ मिनिटं झाली. सूर्य ६ वाजता उगवला असेल तर जन्म पहाटे २ वाजून ५२ मिनिटांचा. पोथीत शनिवार, पण सरकारी नोंदीत रविवार. दोन्ही बरोबर आहेत! एक दिवसाचा फरक दिसला म्हणून कुठलीच नोंद खोटी ठरवू नका.

इसवी साल काढायला शकात सरसकट ७८ मिळवणं हीही नेहमीची चूक. वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८१९ चा माघ हा १८९८ मधला. पौषाच्या आसपास मात्र जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, बघितल्याशिवाय साल लिहू नका.

आणि संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव वगळू नका, पुसट आकड्यावर तोच उतारा. १ आणि ९ जुन्या हस्ताक्षरात इतके सारखे दिसतात की १८११ की १८१९ हे कळत नाही. अशा वेळी शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १८११ ला बाकी २३, म्हणजे विरोधी. १८१९ ला ३१, म्हणजे हेमलंबी. पोथीत ‘हेम’ एवढंच वाचता आलं तरी आठ वर्षांचा गोंधळ मिटतो.

काशी-प्रयागचे तीर्थोपाध्याय यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवतात; त्या वहीतली तिथी आपल्या पोथीशी ताडून बघताना एक लक्षात ठेवा. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपली श्रावण वद्य अष्टमी ती तिकडची भाद्रपद कृष्ण अष्टमी. महिना वेगळा दिसला तरी दिवस तोच. नाशिक-त्र्यंबकेश्वरला हा प्रश्न येत नाही, पण तिथे जाताना नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. मूळ गाव सांगता आलं तर वही लवकर सापडते.

नावांच्या बाबतीत घाई नको. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे एकच नाव एक पिढी सोडून परत येतं, आणि दोन माणसांचा एक माणूस होऊन बसतो. पत्रिकेतलं नावरस नाव, म्हणजे जन्मनक्षत्रावरून आलेलं, वेगळं, हाक मारायचं वेगळं. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. दत्तक गेलेल्याच्या नावापुढे दत्तक वडिलांचं नाव लागतं, म्हणून जन्मघराच्या पोथीत तोच मुलगा वेगळ्या वडिलांच्या नावाने सापडेल.

पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली, पण मागची टिपणं मोडीत, हे पुष्कळ घरांत दिसतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना जोडून येतात. मु॥ म्हणजे मुक्काम, मौ॥ म्हणजे मौजे, हे माहीत नसलं की गावाचं नाव माणसाच्या नावात मिसळतं. पोथीच्या रुमालात जुने कागद असतील तर ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ अशी ओळ दिसू शकते. कुणा माणसाचं नाव नव्हे, ते साल आहे: १, ९०, १००, १००० म्हणजे सुहूर सन (जुन्या कागदपत्रांतली एक कालगणना) ११९१, इसवी १७९०-९१. अंदाजाने वाचण्यापेक्षा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, त्यामुळे वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात भेटतात.

छापील पोथी असेल तर छपाईचा शक आधी बघा. त्याआधीच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर त्या कुणीतरी एका बैठकीत आठवून किंवा जुन्या कागदावरून उतरवल्या आहेत. त्यांना तेवढंच वजन द्या आणि गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, पडताळा मिळतो का बघा. मराठी ख्रिस्ती घरांतल्या बायबलच्या कोऱ्या पानांनाही हेच लागू. तिथे बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून वाचली जाते, तेवढं सांभाळा.

उतरवून घेताना वहीत दोन रकाने करा. डावीकडे पोथीत आहे तसं अक्षरशः, चुकांसकट. उजवीकडे तुमचा अर्थ, पेन्सिलीने.