घरच्या माणसाची अँग्झायटी फोनवर कशी तपासायची

आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. त्यामुळे गावात कुणाला महिनोन्महिने छातीत धडधडतंय, झोप नाही, जीव घाबरा होतोय, तर निदान पहिली चाचपणी घरीच करता येते. त्यासाठी जीएडी-७ वापरा. अँग्झायटी, म्हणजे सततची चिंता-भीती, किती आहे ते बघणारी, २००६ साली आलेली ७ प्रश्नांची ही प्रश्नावली फुकट आहे, मराठीतली मिळाली तर तीच घ्या. ती भरायला नाव, मोबाईल नंबर काही लागत नाही, त्यामुळे जी साईट आधी नंबर मागते ती सरळ बंद करा.

घरात एकच फोन असेल तर इन्कॉग्निटोमध्ये उघडा, म्हणजे काय बघितलं ते ब्राउझरच्या हिस्टरीत राहत नाही. रेंज नसेल तर प्रश्नांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि उत्तरं कागदावर लिहा, बेरीजच तर करायची असते.

आता खरं काम विचारण्याचं. आई-काकूंच्या हातात फोन देऊन "भर" म्हणू नका, त्या सगळीकडे "अजिबात नाही" दाबतील, आणि सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर नक्कीच. एकटं गाठून, भाजी निवडता निवडता विचारा. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात पण असं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून "मागच्याच्या मागच्या बाजारापासून" असं म्हणा. त्या म्हणतील "होतं गं कधीमधी", तिथे सोडू नका, साधारण किती दिवस ते विचारा. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३.

बेरीज २१ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा वर आले तर डॉक्टरांना दाखवायचंच. पण हे निदान नाही हं, थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. आणि आकडा कमी आला पण माणूस जेवत नाही, कामाला जात नाही, तर आकड्यावर विसंबू नका, माणसाकडे बघा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, या ७ प्रश्नांत जीव द्यावासा वाटतो का हा प्रश्नच नाही. तो तुम्हीच स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

बोलायला टेली मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. हा नंबर प्रश्न विचारायच्या आधीच सेव्ह करा, आणि दवाखान्यात कोण सोबत जाणार तेही ठरवून ठेवा, कारण एवढं मन मोकळं करून घेतल्यावर "बघू पुढे" म्हणालात तर ती बाई परत तोंड उघडणार नाही. तो कागद तारीख टाकून डॉक्टरांकडे न्या, उपचार सुरू झाले की महिन्याभराने तेच प्रश्न परत विचारा आणि दोन्ही बेरजा त्यांना दाखवा.