बेलरसाठी स्वस्तात ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

बॉनेटवरचा एचपीचा आकडा पाहून सौदा करू नका. बेलर म्हणजे पेंढ्याचे गठ्ठे बांधणारे यंत्र. तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो आणि इंजिनची 10 ते 15 टक्के ताकद तिथवर पोचेपर्यंतच खर्च होते. 40 एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओला जेमतेम 34-36 मिळते. भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे काड बांधायला छोटा गोल बेलर 35 एचपीच्या आसपास चालतो. चौकोनी बेलरला 45-50 धरा. त्याचा दट्ट्या प्रत्येक ठोक्याला हिसका देतो, म्हणून ट्रॅक्टर वजनदारही हवा. आधी बेलर ठरवा, मग ट्रॅक्टर शोधा.

पैसे वाचवायला सिंगल क्लचचा ट्रॅक्टर घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. गोल बेलरमध्ये गठ्ठा भरला की ट्रॅक्टर थांबवायचा असतो, पण सुतळी गुंडाळायला पीटीओ फिरत राहावा लागतो. सिंगल क्लचमध्ये पायडल दाबले की दोन्ही थांबतात. मग न्यूट्रल करून क्लच सोडायचा, म्हणजे भरलेला बेलर जागेवरून ओढायचा. दिवसभरात शेकडो वेळा असे झाले तर क्लच प्लेट आणि बेलरच्या साखळ्या टिकणार कशा? डबल क्लचमध्ये अर्धे पायडल दाबले की फक्त चाके थांबतात. स्वतंत्र दांड्याचा पीटीओ मिळाला तर उत्तमच.

गिअरकडे तर फारसे कोणी बघतच नाही. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे कायम ठेवून ट्रॅक्टर तासाला 2 ते 4 किलोमीटर चालला पाहिजे. तेवढा हळू गिअर नसेल, तर दाट ओळीत चालक रेस कमी करतो, फेरे पडतात, पिकअप (काड उचलून आत घेणारा भाग) तुंबतो आणि गठ्ठे ढिले निघतात. दोष मात्र बेलरला लागतो.

जुना ट्रॅक्टर पाहताना पीटीओवर रोटाव्हेटर किंवा बेलर जोडून भार द्याच. इंजिनचा आवाज तसाच राहून शाफ्ट मंदावला तर क्लच घसरतोय. इंजिनच दबले आणि काळा धूर आला तर पंप, नोझल किंवा इंजिनचे काम निघेल. तो खर्च किमतीतून वजा करा. गोल बेलरचे मागचे दार हायड्रॉलिकवर उघडत असेल, तर ट्रॅक्टरला बाहेरचा ऑइल पॉइंट आहे ना, तेही पाहा.

घेतल्यावर रेडिएटरपुढे जाळी बसवा आणि भुसा दर दोन-तीन तासांनी झाडा. सायलेन्सरजवळ साचलेले काड पेट घेते. शिअर बोल्ट (जादा भार आला की आधी तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) सारखा तुटतो म्हणून जास्त कडक बोल्ट घालू नका. मग बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो.