दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम ओतताना पडणारी छिद्रं: माझा उपाय

मालवणात घरामागच्या पडवीत मॉडेल इंजिनाचा क्रँककेस (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो ते कवच) ओतायचा, तर खरा शत्रू हवेतला ओलावा. वरून तुकडा गुळगुळीत दिसे. लेथवर पहिला काप घेतला की आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. बेअरिंगच्या जागी ती चालतच नाहीत.

वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मोकळा झालेला हायड्रोजन रसात विरघळतो. गोठलेल्या धातूत त्याला फारच थोडी जागा असते, म्हणून तो बुडबुड्यांच्या रूपाने आतच अडकतो. रस जितका जास्त तापवाल, तितका हायड्रोजन जास्त.

म्हणून भंगारातले जुने पिस्टन (त्यांतल्या सिलिकॉनमुळे रस साच्यात छान वाहतो) आधी भट्टीच्या कडेला कडकडीत तापवून घेतले. मूस (धातू वितळवायचं भांडं), पळी, मळी (रसावर जमणारा कचरा) काढायची सळईसुद्धा. हे फक्त छिद्रांसाठी नाही: ओली वस्तू रसात बुडाली तर वाफेचा स्फोट होतो, इथे हयगय नकोच. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं. मी रस 720 च्या वर जाऊ दिला नाही. ढवळत बसलो नाही, मळी एकदाच काढली आणि लगेच ओतलं. साच्याच्या वाळूत पाणी मूठ वळेल इतकंच, जाड भागावर मोठा रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला रस पुरवणारा जादा साठा).

क्रँककेस आतून घट्ट निघाला! कापताना धारदार टूल आणि रॉकेलचे थेंब लागतात, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम टूलच्या टोकाला चिकटतं. जून ते सप्टेंबर मात्र भट्टी बंद, फक्त लेथवरची कामं.