पूर यायच्या आधी शहराच्या रेडिओची तयारी

2019 च्या पुरात सांगलीत आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीला पाणी लागलेलं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर काहीच कळत नव्हतं याचा. लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही, आणि बंद व्हायच्या आधी ग्रुपवर शेवटचा मेसेज काय तर धरण फुटलं. आई रात्रभर गाठोडं मांडीवर घेऊन जिन्यात बसून होती. धरण फुटलेलं नव्हतं, पण ते सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून माझं म्हणणं आहे की महापालिकेनं पूर आणि आपत्तीच्या माहितीसाठी स्वतःचा छोटा एफएम चालू करावा. जपानमधे 1995 च्या कोबेच्या भूकंपानंतर अशी तात्पुरती आपत्ती रेडिओ केंद्रं निघाली आणि 2011 च्या त्सुनामीनंतर तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच पालिकांनी ती चालवली, पाणी कुठं मिळेल, कुठली शाळा उघडी आहे, असलंच सगळं त्याच्यावर. आपल्याकडं ते व्हायचं तर पावसाळ्याच्या आधी काय काय तयार पाहिजे ते लिहितोय.

पहिली गोष्ट लायसन्स, कारण याला वेळ लागतो. असला छोटा एफएम कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एका भागापुरतं स्टेशन, म्हणून काढायचा, आणि त्याचं लायसन्स आपल्याकडं कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला मिळतं, म्हणजे पालिकेनं एखादं कॉलेज सोबत घ्यायचं आणि अर्ज दिल्लीला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं करायचा. आपल्या शेजारी म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी कधीपासून चालू आहे, त्यांच्याकडं एकदा जाऊन बसा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतील. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात, पण हवामान, रस्ते, लाईट-पाणी, आपत्तीची माहिती देता येते आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

मग जागा. स्टुडिओ नदीकाठच्या ऑफिसात तळमजल्यावर टाकला तर पहिल्याच दिवशी रेडिओ पाण्यात. 2019 ला आयर्विन पुलाजवळ, जिथं कृष्णेची पातळी मोजतात, पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, 2021 ला 55 च्या आसपास, त्यामुळं 57 ला जिथं पाणी आलं नाही असा भाग बघायचा आणि तिथंपण वरचा मजला. मशीन 100 वॅटपर्यंतचं असतं, सगळं मिळून चार-पाच पंख्यांएवढी वीज खातं, म्हणजे सोलर आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालेल, जनरेटर जोडीला. रेंज साधारण दहा किलोमीटर धरा, सांगलीत नीट जागा मिळाली तर मिरज, कुपवाड, हरिपूर, सांगलीवाडी बऱ्यापैकी येईल, पण एकदा गाडीवर रेडिओ घेऊन फिरून कुठं खरखर येते ते वहीत लिहायचं.

आता खरी तयारी, आणि याच्यासाठी मंत्रालय, मशीन, पैसा काहीच लागत नाही म्हणून यंदाच करा. फुटांची यादी. रेडिओवर नुसतं सांगितलं की पाणी 42 फूट, कोयनेतून एवढे हजार क्युसेक, तर आमच्या आईला त्यातून काय कळणार? (1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, पण हे कळूनसुद्धा घर सोडायचं का ते कळत नाही.) 40 इशारा पातळी आणि 45 धोका पातळी हे पाठ असतं सगळ्यांना, पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगरात धोका पातळीच्या आधीच पाणी येतं, तिथल्या माणसाला 45 चा आकडा ऐकून उपयोग नाही. त्यामुळं प्रत्येक गल्लीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, आयर्विनला किती फूट असताना तुमच्या कोपऱ्यावर पाणी आलं, कुठल्या बाजूनं आलं, नाल्यातून उलटं आलं का रस्त्यानं आलं, कुठला रस्ता शेवटपर्यंत कोरडा राहिला. 2005, 2019, 2021 तिन्ही वेळचं विचारायचं, भिंतीवर खुणा असतील तर मोजून घ्यायच्या. मग रेडिओवर वाक्य असं जाईल की अमुक गल्लीवाले, संध्याकाळपर्यंत पाणी तुमच्या कोपऱ्यावर येतंय, गाड्या आत्ता काढा, या रस्त्यानं या शाळेत जा. असल्या घोषणा उन्हाळ्यातच लिहून, रेकॉर्ड करून ठेवायच्या, मराठीत, हिंदीत, आणि मिरजेसाठी कन्नडमधेपण, फक्त आकडा आणि वेळ ऐनवेळी घालायची. प्रत्येक घोषणेच्या सुरवातीला तारीख, वेळ आणि माहिती कुठल्या कंट्रोल रूमची ते बोललंच पाहिजे, नाहीतर जुनीच घोषणा कुणीतरी रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी फिरवतं.

बोलणारी माणसं किमान आठ, पाळ्या लावून, निम्मी तरी कोरड्या भागात राहणारी, कारण ज्याचं स्वतःचं घर बुडतंय त्याला माईकवर बसवू नका. पाटबंधारे, महावितरण, सिव्हिल आणि कलेक्टर ऑफिसचा 1077 हा आपत्तीचा फोन नंबर यांच्याशी कोण बोलणार ते माणूस नावानं ठरलेलं पाहिजे. साप चावल्यावर कुठं जायचं, डायलिसिसवाल्यांनी काय करायचं, जनावरं कुठं न्यायची, हेपण तयार पाहिजे. पाणी उतरायला लागलं की तेपण सांगायचं बरं का, लोक त्याचीच वाट बघत असतात, आणि घरात परत गेल्यावर मेन स्विचला हात लावायच्या आधी कुणाला बोलवायचं ते दिवसातून दहा वेळा सांगायचं.

घरच्यांनी काय करायचं तर एक सेलवर चालणारा साधा रेडिओ आणि जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाईलमधे एफएम असेल तर वायरचा इयरफोन पण ठेवा, त्याची वायरच अँटेना असते, ब्लूटूथवाल्यानं लागत नाही आणि बऱ्याच नवीन फोनमधे तर एफएमच नाही. आणि स्टेशन वर्षभर रोज चालू पाहिजे, सकाळी नळाला पाणी कधी येणार एवढं सांगितलं तरी चालेल, कारण पुरातल्या अंधारात नवीन स्टेशन शोधत कुणी बसत नाही.

गल्ल्यांच्या यादीचं काम मी गावभागापासून चालू केलंय, पाच गल्ल्या झाल्या. सांगलीवाडी आणि मिरजेच्या कृष्णा घाटाकडचं तिथल्याच कुणीतरी घ्या, बाहेरच्याला त्या खुणा दिसत नाहीत.